आमचा शेवटचा आला की जातो

मी कौमुदी. वडगाव मावळच्या कोर्टात स्टेनो आहे. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं म्हणून तोंड भरून खोटं बोलणारी माणसं मी रोज ऐकते आणि त्यांचं सगळं टाईपही करते. त्यामुळे शपथबिपथ मी घेणार नाही. याच पेजवर कितीतरी अनुभवांखाली मी स्वतः "काहीही हं" अशी कमेंट टाकलेली आहे. आज तुम्ही माझ्याखाली टाका. माझी हरकत नाही.

पण हे घडलंय.

माझ्या बाबांच्या आणि माझ्या भावाच्या बाबतीत घडलंय. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते उजेडात झालं. म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

आधी जागा सांगते. कामशेतहून आत नाणे मावळात शिरलं की एक जुना रस्ता नदीच्या कडेने जंगलात जातो. धरणाच्या कामासाठी कोणे एके काळी केलेला. आता त्याच्या तोंडाशी लोखंडी अडसर आहे, गाड्या आत जात नाहीत. सायकल मात्र तेव्हा आडवी करून अडसराखालून काढता यायची. आत गेलं की हॉर्न नाही, धूर नाही. एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, आणि मध्ये आपला आपण. बाबांचा त्या रस्त्यावर फार जीव होता.

बाबा, म्हणजे केशव सर. तळेगावात शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी सायकलवाल्यांचा एक ग्रुप जमवला. दर रविवारी वीसेक जण निघायचे. अट एकच, जिथे गाडी येत नाही अशाच वाटेने जायचं. लोणावळ्याच्या गर्दीत सायकल लावून फोटो काढणाऱ्यांना बाबा "फोटोवाले" म्हणायचे. त्यांच्या तोंडी ती शिवी होती.

त्यांचा एक नियम होता. तो नीट लक्षात ठेवा.

जंगलात फाटे फार, आणि नेटवर्क नाही. म्हणून फाटा आला की पुढच्यांपैकी एकाने तिथे उभं राहायचं आणि हात लांब करून वाट दाखवायची. बाबा त्याला "खांब" म्हणायचे. सगळे पुढे निघून गेले तरी खांबाने जागा सोडायची नाही. सगळ्यांच्या मागे जो असेल तो "शेवटचा". शेवटचा आला की तो दोनदा घंटी वाजवणार. खांबाने एकदा वाजवून उत्तर द्यायचं. मग शेवटचा म्हणणार, "मी शेवटचा. चल."

मग खांब पुढे, शेवटचा मागे. शेवटच्याच्या मागे कोणीही राहता कामा नये.

शेवटचे नेहमी बाबाच असायचे. त्यांच्या जुन्या सायकलला पितळी घंटी होती, टोपी तडकलेली. टिण् असा आवाज व्हायचा आणि लगेच खट्. टिण्... खट्. तळेगाव स्टेशनच्या कोलाहलातही आम्ही ती ओळखायचो.

आता तो दिवस सांगते.

२०१९. गणपती विसर्जन झालं त्यानंतरचा रविवार. मी त्या दिवशी गेले नव्हते, घरी पाहुणे यायचे होते. बाबा आणि माझा धाकटा भाऊ विहंग गेले.

विहंग नुकताच एमआयडीसीत नोकरीला लागला होता. अतिशय चेष्टेखोर कार्टं. जेवताना बाबांच्या नियमांची नक्कल करून आईला ठसका लागेपर्यंत हसवायचा. पण रस्त्यावर नियम पाळावा तर त्यानेच. "संस्थापकांचा मुलगा आहे बाई मी. मला कुठली सूट!" असं म्हणायचा.

वाटेत ओढ्यावर साकव आहे, छोटा पूल. त्या दिवशी तो ओलांडून थोडं वर गेलं की जो जांभळीचा फाटा लागतो, तिथे विहंग खांब म्हणून उभा राहिला. अंगात पिवळा रेनकोट होता.

साकवाच्या अलीकडे सारिका नावाची मुलगी घसरून पडली. तिचा हात कोपराजवळ मोडला. हाड वर आलेलं दिसत होतं म्हणे. बाबा तिच्या मागेच होते. त्यांनी तिला उठवलं, धरून धरून अडसरापर्यंत परत आणलं, आणि एका टेम्पोत घालून कामशेतला दवाखान्यात नेलं. त्यांना वाटलं, आपण आलो नाही हे बघून पुढचे लोक मागे फिरतील आणि येताना विहंगला घेऊन येतील.

पुढच्यांना वाटलं, विहंगला काय, केशव सर आणतील.

पाऊस वाढला म्हणून पुढचे लोक पलीकडे वरच्या गावात बाहेर पडले आणि तिथून मिळेल त्या गाडीने घरी गेले.

विहंग उभाच राहिला.

फाट्याच्या वरच्या अंगाला झुंबरबाईंचं घर आहे. त्या एकट्याच राहतात. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"म्या म्हनलं, आरं पावसात कशापायी हुबा? घरात चल, चुलीपाशी बस. तर म्हनला, न्हाई मावशी, आमचा शेवटचा आला की जातो. आसा ग्वाड हसला बघा."

दुपार टळली. ओढा गढूळ झाला. तो तिथेच.

संध्याकाळी झुंबरबाई पुन्हा बघायला आल्या, तेव्हा सायकल स्टँडवर लावलेली होती. पुढचं चाक बरोबर वाटेच्या दिशेने वळवलेलं.

पण विहंग नव्हता.

बाबा मागे कुठेतरी पडले असतील, असं त्याला वाटलं असणार. त्यांना बघायला तो मागे गेला असणार. आणि तोवर साकवावर पाणी चढलं होतं.

इकडे दिवेलागणीला बाबा घरी आले. चिखलाने भरलेले, दमलेले. आईने दार उघडलं आणि त्यांच्या मागे बघितलं.

"विहंग कुठाय?"

बाबा म्हणाले, "म्हणजे? तो आला नाही अजून?"

ते वाक्य आणि बाबांचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

विहंग खाली नदीत सापडला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

ग्रुप मोडला. बाबांनी त्यांची सायकल गॅलरीत साखळीने बांधून टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. लॉकडाऊन आला आणि गेला. आमच्या घरात काहीच बदललं नाही. बाबा दोन घास खायचे आणि उठायचे. बोलायचे तर एकच, "तो माझ्यासाठी उभा होता गं." आईचं वेगळंच. ती रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही.

"अगं चोर येतील आई," मी खेकसायचे.

"येऊ देत," ती म्हणायची.

माझी चिडचिड व्हायची. आता कळतं, ती चिडचिड नव्हती. मला रडायचं होतं आणि घरात कोणीतरी एक न रडणारं लागतं, म्हणून मी ओरडत होते.

बाबांसमोरून ती सायकल तरी हलवावी, म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये मी तिची जाहिरात टाकली. लोणावळ्याहून गौरव नावाचा मुलगा बघायला आला. हॉटेलात नोकरी करतो, जुन्या सायकली गोळा करतो. सालस मुलगा. बाबांना बघून त्याने वाकून नमस्कार केला.

"काका, तुम्हीच ना ते फाट्या-फाट्यावर खांब उभे करणारे? लोणावळ्यात अजून नाव काढतात तुमचं. बरं झालं, तुम्ही परत सुरू केलंत."

बाबांनी मान वर केली.

"परत कुठे? ग्रुप कधीच बंद झाला," मी म्हणाले.

"असं कसं? तुमचा माणूस उभा असतो की. नाणे मावळात, जांभळीच्या फाट्यावर. मागच्या रविवारी भेटला मला." गौरव हसला. "भर उन्हात रेनकोट घातला होता येड्याने. पिवळा. आणि..."

"आणि काय?" बाबांनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी कोणाला प्रश्न विचारला नव्हता.

"रेनकोटातून पाणी निथळत होतं काका. टपटप. रस्ता मात्र कोरडा ठणठणीत. मी म्हटलं, ओढ्यात डुंबून आला असेल."

"काही बोलला?"

"हो ना. विचारलं त्याने, मागे अजून कोणी आहे का? मी म्हटलं, मला नाही माहीत बुवा. तर म्हणाला, ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो."

मी उठले आणि गौरवला अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं. सायकल विकायची नाही, म्हणून सांगितलं. कोणीतरी आमची थट्टा करतंय असंच मला वाटलं. 

आत आले तर बाबा गॅलरीत उकिडवे बसले होते. साखळी काढली होती आणि फडक्याने सायकल पुसत होते.

"रविवारी निघायचं," ते म्हणाले.

"बाबा, वेड्यासारखं करू नका. तो गेलाय."

"गेलाय, मला माहितीये." ते पुसतच होते. "पण त्याला कोणी सांगितलंय का?"



रविवारी पहाटे आईने डबे भरले. तीन भरले. मी तिच्याकडे बघितलं, तिने नजर चुकवली. मी तिन्ही डबे पिशवीत घातले.

उजाडता उजाडता वडगाव मागे टाकलं. कामशेतहून आत वळलो, अडसराखालून सायकली काढल्या. बाबा धापा टाकत होते पण थांबायला तयार नव्हते. साकव आला तेव्हा ते खाली उतरले आणि सायकल हातात धरून, पाण्याकडे न बघता चालत गेले. मीही तशीच गेले.

जांभळीच्या फाट्यावर कोणी नव्हतं.

झाडाच्या फांदीला मात्र एक इरलं टांगलेलं होतं. पावसात शेतातल्या बाया डोक्यावरून पाठीवर घेतात ते. जुनं, पानं झडलेलं. मी बघत होते तेवढ्यात झुंबरबाई घरातून खाली आल्या.

"म्याच ठिवलंय त्ये," त्या म्हणाल्या. "भिजतंय ना पोरगं."

"मावशी, तुम्हाला दिसतो तो?" मी विचारलं.

"मला न्हाई दिसत बाय. पर सांच्याला घंटी वाजती. येकदाच. कुनाला तरी जबाब दिल्यावानी." मग त्यांनी बाबांकडे नीट बघितलं. "त्यो म्हनत व्हता त्ये शेवटचं, त्ये तुमीच का?"

"हो. मीच."

"लय उशीर केला आबा," झुंबरबाई म्हणाल्या.

रागाने नाही म्हणाल्या. पण बाबा मटकन खाली बसले आणि त्या धुळीतच रडले. लहान मूल रडतं तसे, आवाज करून. विहंग गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड पुसलं आणि एकदम पूर्वीच्या आवाजात मला म्हणाले, "कौमुदी, तू पुढे जा. मोरीच्या फाट्यावर खांब म्हणून उभी राहा. मी जरा मागे साकवापर्यंत जातो आणि नेहमीसारखा येतो. त्याला पुढे पाठवतो. तो तुझ्याकडे येईल, मग मी."

मी गेले. दुसरं काय करणार होते?

मोरीचा फाटा म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे, तो. दोन्ही बाजूंना दाट झाडी. मी सायकल लावली आणि उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खांब झाले. हात लांब करायचाही होता, पण लाज वाटली. कोणासाठी करू?

सकाळची वेळ. ऊन पानांतून खाली येत होतं. पाखरं ओरडत होती.

मग खालून आवाज आला...

टिण्... खट्. टिण्... खट्.

बाबांची घंटी. दोनदा.

आणि पाखरं थांबली. सगळी एकदम.

मी ऐकत होते. आता एकदा वाजेल का? नाही वाजणार, मी स्वतःला सांगितलं. कसं वाजेल?

वाजली.

एकदाच. स्वच्छ, नव्या सायकलची घंटी.

मग सायकलचा आवाज यायला लागला. पायडल न मारता सायकल सोडली की मागच्या चाकाचा जो टकटकटक आवाज होतो, तो. वळणाच्या पलीकडून. जवळ... अजून जवळ. चाकाखाली पाचोळा चुरडत होता. मी वळणाकडे डोळे लावले. मला भीती वाटत नव्हती. खरंच सांगते, त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं, ये रे, लवकर ये.

आवाज वळणापर्यंत आला...

आणि थांबला.

कोणी आलं नाही.

माझ्या समोरून कोणीही गेलं नाही. मी डोळ्याची पापणी हलवली नव्हती.

बऱ्याच वेळाने बाबा आले. एकटेच. पण असे बाबा मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. चेहरा उजळलेला, डोळे पाण्याने भरलेले. सायकलवरून उतरायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"गेला का गं पुढे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मला ती संध्याकाळ आठवली. उघडलेलं दार, आई, आणि "तो आला नाही अजून?" हे पुन्हा एकदा या माणसाच्या नशिबी आणायचं? माझ्याच्याने झालं नाही.

"हो बाबा," मी म्हणाले. "आत्ताच गेला. माझ्यासमोरून गेला."

"काही बोलला?"

"हसला फक्त."

बाबांनी मान डोलावली. कोर्टात खोटं बोलणारी माणसं जशी खाली नजर लावून उभी राहतात, तशी मी माझ्या सायकलच्या चाकाकडे बघत राहिले.

त्या दिवसानंतर बाबा माणसात आले. पोटभर जेवायला लागले. गल्लीतल्या पोरांची पंक्चर काढून द्यायचे, चित्रं काढायचे. आईशी भांडायचेसुद्धा, चहात साखर कमी म्हणून. सायकल पुन्हा साखळीने बांधली, पण आता तिच्याकडे तोंड करून बसायचे. पुढच्या वर्षी माघात झोपेतच गेले. शांत गेले. सगळे म्हणाले, असं मरण भाग्याने येतं. मीही हो म्हणाले.

मला वाटलं, संपलं.

त्याच वर्षी डिसेंबरात गौरवचा फोन आला.

"ताई, रागावू नका. मला आता सगळं समजलंय, त्या दिवशी मी काय बोललो ते. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना."

"बोल."

"तो आता जांभळीच्या फाट्यावर नसतो."

माझ्या छातीवरून ओझं उतरलं. "चांगलं झालं की मग."

"नाही ताई..." गौरव घुटमळला. "पुढच्या फाट्यावर असतो. मोरीच्या. तसाच हात लांब करून."

मी फोन हातात धरून कोर्टाच्या जिन्यात बसले. येणारे जाणारे वकील बघत होते.

मला सगळं कळलं. तो आला होता. बाबांनी चल म्हटल्यावर तो निघाला होता, वळणापर्यंत आला होता. मी मात्र "गेला पुढे" म्हणून सांगितलं, बाबांना घेऊन तिथून निघाले आणि फाटा मोकळा सोडला. फाटा मोकळा दिसल्यावर विहंग काय करणार? नियमाचा पक्का. तोच उभा राहिला. आणि त्याच्यामागे राहून त्याला पुन्हा चल म्हणणारं आता कोणी नव्हतं. शेवटचा माणूस तर त्याला मागे टाकून घरी आला होता.

जानेवारीत मी गेले. एकटी. आईला सांगून गेले. तिने विचारलं, "कडी लावायची नाही ना?"

"नको लावू," मी म्हणाले.

या वेळी झुंबरबाईंच्या दाराला कुलूप होतं. जांभळीखाली कोणी नव्हतं. इरलंही नव्हतं. मी थांबले नाही. मनात एकच वाक्य घोळवत होते. मी शेवटची, चल. मी शेवटची, चल. दाव्यात उलटतपासणीच्या आधी माणसं बाहेर बाकावर बसून पाठ करतात, तसं.

दुपार कलली होती. मोरी जवळ आली आणि पाखरं थांबली...

रस्ता कोरडा होता, नुसती लाल धूळ. फाट्यावर मात्र एक ओली जागा होती. एक माणूस उभा राहील एवढीच. वरून थेंब पडत होते. टप. टप. वर आभाळ निरभ्र होतं आणि त्या जागेवर एकही फांदी नव्हती.

मी सायकल हळू केली. उतरले नाही. 

दोनदा घंटी वाजवली. माझी साधी, बाजारातली घंटी.

उत्तराची घंटी आली नाही.

आवाज आला. माझ्या अगदी शेजारून. थंडीने कुडकुडणारा, पण त्याचाच.

"ताई... मागे अजून कोणी आहे का?"

मी रडत होते. तोंड उघडलं. नाही रे सोन्या, कोणी नाही. मीच शेवटची. चल आता, घरी चल. हे सगळं ओठांवर आलं होतं.

आणि माझ्या मागे...

लांब, साकवाच्या बाजूला...

टिण्... खट्.

टिण्... खट्.

बाबांची सायकल आमच्या गॅलरीत साखळीला बांधलेली होती. घरून निघताना मी स्वतः तिच्यावर हात ठेवून निघाले होते.

मी शेवटची नव्हते. मी शेवटची म्हणून सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि या रस्त्यावर मी एकदा खोटं बोलून बघितलं होतं.

"थांब," मी म्हणाले. "थांब विहंग. बाबा येतायत."

एवढं बोलले आणि जीव खाऊन पायडल मारलं. मागून एकदा घंटी वाजली. एकदाच, स्वच्छ. त्याने उत्तर दिलं होतं. पुढचे बाबांचे शब्द ऐकायला मी तिथे थांबले नाही. हिंमतच झाली नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आधी गॅलरीत गेले. सायकल जागच्या जागी. घंटीवर धूळ, आणि त्या धुळीवर कोणाच्या बोटाची खूण नाही.

"भेटला?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"भेटला," मी म्हणाले. "बाबाही होते."

 तिने ताटं घेतली. किती घेतली ते मी सांगत नाही.

नंतरच्या पावसाळ्यात तो रस्ता साकवापाशी खचला. आता अडसराखालची जागाही जाळी ठोकून बंद केलीय, सायकलही आत जात नाही. त्यामुळे मोरीच्या फाट्यावर अजून कोणी उभं आहे की नाही, हे सांगणारं कोणी उरलं नाही. गौरवही तिकडे गेलेला नाही.

बाबांनी त्याला चल म्हटलं असेल. नक्की म्हटलं असेल. मी रोज स्वतःला हेच सांगते. पण मी त्याला चल म्हणायला गेले होते, आणि थांब म्हणून आले, हेही मला रोज आठवतं.

रस्ता कधीतरी दुरुस्त होईल. तुमच्यापैकी कोणी सायकल घेऊन त्या वाटेने जाईलही. फाट्यावर कोणी भिजलेल्या मुलाने विचारलं, मागे अजून कोणी आहे का, तर त्याला घाबरू नका. आमचा विहंग आहे तो. घाईने काहीतरी ठोकून देऊ नका. आधी मागे वळून नीट बघा, आणि मग जे असेल ते त्याला खरं सांगा.

मी वळून बघितलं नाही.